फिलिपिन्सला तिला भेटायला निघताना : पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

रत्नागिरी-रायगडातल्या ज्या घरातला एखादा मुलगा बोटीवर असतो, त्या घराला फिलिपिनो माणसं अनोळखी नसतात. जहाजावर एका टेबलावर जेवणारे, शिफ्ट संपल्यावर कराओके गाणारे सहकारी बहुतेक तिकडचेच. तिथल्या दावाओ शहरात डॉक्टरकी शिकायला गेलेली आपली मुलंमुलीही आता बरीच आहेत. त्यात फेसबुक आणि डेटिंग अ‍ॅप आली, आणि जून २०२५ पासून भारतीय पासपोर्टवर १४ दिवस व्हिसाशिवाय जाता येऊ लागलं. सहा महिने मेसेंजरवर बोलणं झालेलं असतं, तिकीटही फार महाग वाटत नाही, आणि मग 'एकदा जाऊन भेटूनच येतो' असं ठरतं.

जरूर जा. फक्त पहिल्या फेरीत काहीही ठरवून येऊ नका. साखरपुडा नाही, पैशाचा व्यवहार नाही, जमीन-घर तर नाहीच. भेटायचं, बघायचं, ठरलेल्या तारखेला परत यायचं. गुडघ्याला बाशिंग बांधून विमानात बसलेला माणूस फसवणाऱ्याला लांबूनच ओळखू येतो, आणि समोरची मुलगी सरळ असेल तर तिलाही त्याचं दडपण येतं.

उदाहरणं मी मुलाने मुलीला भेटायला जाण्याची घेतली आहेत. मुलींनी वेगळं काय बघायचं ते पुढे दिलं आहे.

१. तिकिटाआधी : पलीकडे खरंच तीच आहे का

मार्च २०२४ मध्ये मनिलाच्या उत्तरेला तारलाक प्रांतातल्या बांबान गावात पोलिसांनी एका मोठ्या आवारावर छापा घातला. ऑनलाइन जुगाराच्या परवान्याआड तिथे प्रेमाच्या आणि क्रिप्टोच्या नावाने लोकांना गंडवण्याचा धंदा चालू होता, आणि शेकडो माणसं आत राबत होती. त्यांतली कित्येक स्वतःच डांबून ठेवलेली. त्याच वर्षी जुलैमध्ये राष्ट्राध्यक्ष मार्कोस यांनी असल्या परदेशी जुगार कंपन्यांवर बंदी जाहीर केली. म्हणजे रात्री अकराला 'जेवलास का?' विचारणारी व्यक्ती ही एखाद्या हॉलमध्ये ओळीने बसलेल्या वीस जणांपैकी एक असू शकते, आणि ती मुलगीच असेल असंही नाही.

यावर उपाय साधा आहे. आधी न कळवता व्हिडिओ कॉल करा. तिकडची वेळ आपल्या अडीच तास पुढे असते, तेव्हा आपले संध्याकाळचे सात म्हणजे तिचे साडेनऊ. कॉलवर तिला उठून खिडकीबाहेरचं, रस्त्यावरचं दाखवायला सांगा, चेहऱ्यासमोरून हात फिरवायला सांगा. फोटो गुगल लेन्सवर टाकून तो दुसऱ्या कुणाच्या नावाने फिरतोय का ते बघा. तिचा बारांगाय विचारा. आपल्याकडे गावाची वाडी किंवा शहरातला वॉर्ड, तसा तिथला सर्वांत खालचा सरकारी विभाग म्हणजे बारांगाय. देशात असे सुमारे ४२ हजार आहेत. खऱ्या माणसाला आपला बारांगाय, शहर आणि प्रांत एका दमात सांगता येतो.

काही गोष्टींवर उगाच संशय घेऊ नका. ती व्हॉट्सअ‍ॅपवर नसून मेसेंजरवर आहे, यात काही काळंबेरं नाही, तिथे सगळे मेसेंजरच वापरतात. मध्येच नेट जाणं, प्रीपेडचा बॅलन्स (त्याला तिथे 'लोड' म्हणतात) संपणं हेही रोजचंच. पण बोलणं टेलिग्रामवर हलवून 'माझे काका गुंतवणुकीतलं शिकवतात' असा विषय निघाला, तर त्या क्षणी थांबा.

कपडे काढून व्हिडिओ कॉल अजिबात नको, तिने आधी काढले तरी नको. इंटरपोलने २०१४ मध्ये फिलिपिन्समध्ये अशाच चित्रफितींवरून खंडणी उकळणाऱ्या टोळ्यांतल्या ५८ जणांना पकडवलं होतं, आणि तो धंदा काही तेव्हा संपला नाही. अडकलात तर पैसे देऊ नका, कारण एकदा दिले की मागणी वाढते. स्क्रीनशॉट ठेवा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करा.

२. पैसे

भेटीआधी पाठवायचा आकडा शून्य. बहीण दवाखान्यात, वादळात पत्रे उडाले, फी भरायची राहिली, भेटायला यायला बसचं भाडं नाही. यातली बरीच कारणं खरीही असू शकतात. तिथे वर्षाला वीसेक वादळं येतात आणि पत्रे खरंच उडतात. तरीही न भेटलेल्या माणसाला जीकॅशवर (तिथलं मोबाइलवरून पैसे पाठवायचं अ‍ॅप) पैसे पाठवायचे नाहीत हा नियम पाळा, आणि तिला तो पहिल्याच आठवड्यात सांगून टाका. जिला फक्त पैसेच हवे असतील ती आपोआप गळते. तुमचा वेळही वाचतो.

भेटल्यावरचं गणित वेगळं आहे. पहिल्या भेटीला ती बहीण, मावसबहीण किंवा मैत्रीण घेऊन येईल. याचा राग धरू नका. ती तिची खबरदारी आहे आणि चांगल्या घरची रीतही. चार जणांच्या जेवणाचं बिल तुम्ही द्यायचं, हेही तिथे धरूनच चाललेलं असतं. जॉलीबीमधलं किंवा मॉलमधलं जेवण काही तुमचं दिवाळं काढत नाही. पण जेवणाचं बिल देणं आणि भावाच्या मोटारसायकलचा पहिला हप्ता भरणं यांत अंतर आहे. 'आत्ता मला जमणार नाही' हे हसत म्हणायचा सराव घरूनच करून जा.

आणखी एक. तिच्या नावावर जमीन घेऊन वर घर बांधायचा विषय कधी ना कधी निघतो. तिथल्या १९८७ च्या संविधानानुसार परदेशी माणसाला जमीन विकत घेता येत नाही. इमारतीतला फ्लॅट घेता येतो, तोही प्रकल्पातला परदेशी मालकांचा वाटा ४० टक्क्यांच्या आत असेल तर. तेव्हा जमिनीत घातलेला तुमचा पैसा कायद्याच्या दृष्टीने तुमचा राहत नाही. नातं टिकलं तरी नाही आणि तुटलं तर मुळीच नाही.

३. तिचं लग्न झालेलं आहे का (आणि तुमचं?)

आपली माणसं सर्वांत जास्त गाफील राहतात ती इथे. व्हॅटिकन सोडलं तर घटस्फोटाचा कायदा नसलेला फिलिपिन्स हा एकच देश उरला आहे. तिथल्या मुस्लिमांसाठी १९७७ पासून वेगळी तरतूद आहे, बाकीच्यांना विवाह रद्द करून घ्यायला कोर्टात जावं लागतं. त्यात वर्षं जातात, आणि वकिलाचा खर्च सामान्य घराला झेपत नाही. घटस्फोटाचं विधेयक मे २०२४ मध्ये तिथल्या कनिष्ठ सभागृहात मंजूर झालं, पुढे सिनेटमध्ये अडकलं. याचा परिणाम असा की दहा वर्षांपूर्वी नवऱ्यापासून वेगळी झालेली, एकटीने मुलं वाढवणारी, प्रामाणिकपणे 'मी सिंगल आहे' म्हणणारी बाई कागदावर विवाहितच असते.

तिचं लग्न झालंय हे माहीत असून तुम्ही तिच्याशी शरीरसंबंध ठेवलात, तर तिथल्या दंडसंहितेनुसार तो तिचा आणि तुमचा, दोघांचाही गुन्हा ठरतो. त्याला सहा वर्षांपर्यंत कैद आहे. तक्रार नवऱ्याने करावी लागते, आणि परदेशी पाहुणा आला हे कळल्यावर इतकी वर्षं बेपत्ता असलेल्या नवऱ्याला अचानक संसार आठवू शकतो. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने व्यभिचाराचं कलम २०१८ मध्ये रद्द केलं, म्हणून आपल्याला हे जुन्या काळातलं वाटतं. तिथे ते आजही लागू आहे.

खात्री करायचा कागद आहे. फिलिपिन्सचं सांख्यिकी प्राधिकरण, म्हणजे पीएसए, विवाहाची नोंद नसल्याचा दाखला देतं. त्याला सगळे 'सेनोमार' म्हणतात. लग्न झालेलं असेल तर त्याऐवजी झालेल्या विवाहांची माहिती देणारा कागद मिळतो. हा दाखला तिने स्वतःच काढायचा असतो. पहिल्या महिन्यात मागू नका, अपमान वाटेल. पण तिकीट काढण्याइतकी गोष्ट पुढे गेली असेल तर सरळ विचारा, आणि त्याच वेळी तुमचाही कागद पुढे करा. घटस्फोटित असाल तर कोर्टाच्या हुकूमनाम्याची प्रत द्या. बायको गावाला आहे आणि इथे 'अनमॅरिड' लिहिलंय, अशा वाचकाला माझ्याकडे कुठलाही सल्ला नाही.

पाचसहा महिन्यांत, अमुक रकमेत विवाह रद्द करून देतो म्हणणारे दलालही तिथे भेटतात. त्यांनी दिलेला कोर्टाचा आदेश बनावट निघाल्याची प्रकरणं घडलेली आहेत. त्या कामाला तुम्ही पैसे पुरवू नका.

४. वय

ती अठराच्या वर आहे हे सरकारी ओळखपत्रावर, जन्मतारखेसकट, स्वतःच्या डोळ्यांनी बघा. तिच्यासोबत येणाऱ्या मैत्रिणीचंही. तिथल्या १९९२ च्या बालसंरक्षण कायद्यानुसार जवळची नात्याची नसलेली, स्वतःपेक्षा दहा किंवा अधिक वर्षांनी लहान अशी अल्पवयीन व्यक्ती हॉटेलात किंवा सार्वजनिक ठिकाणी सोबत ठेवणं हाच गुन्हा होऊ शकतो, पुढे काही घडलं असो वा नसो. हे कलम मुलांच्या भल्यासाठी आहे आणि ते हवंच. पण त्याच्या आडून सापळा लावणारेही असतात. मैत्रीण म्हणून एक लहान मुलगी खोलीवर येते, आणि दहा मिनिटांत दारावर 'पोलीस' आणि 'काका' उभे राहतात. खोलीवर कुणालाच न बोलावणं हा त्यावरचा एकमेव खात्रीचा उपाय.

५. कागद, तिकीट, मुक्काम

व्हिसाशिवायचे १४ दिवस वाढवून मिळत नाहीत. पासपोर्ट किमान सहा महिने वैध हवा, परतीचं तिकीट आणि हॉटेलचं बुकिंग हवं, पुरेसे पैसे दाखवता यायला हवेत. अमेरिका, जपान, शेंगेन, सिंगापूर अशा काही देशांचा चालू व्हिसा असेल तर मुदत ३० दिवसांची होते. नियम बदलतात, तेव्हा तिकिटाआधी दिल्लीतल्या फिलिपिन्स दूतावासाचं संकेतस्थळ बघाच. पोचण्याआधीच्या ७२ तासांत 'ई-ट्रॅव्हल' ही नोंदणी करायची असते. ती फुकट आहे. पैसे मागणारं संकेतस्थळ उघडलं असेल तर ते खोटं आहे, बंद करा.

इमिग्रेशनवर कशाला आलात विचारलं तर खरं सांगा : मैत्रिणीला भेटायला आणि फिरायला. तिचं नाव, फोन आणि हॉटेलचा पत्ता कागदावर लिहून ठेवा.

मुक्काम स्वतःच्या बुकिंगचा, स्वतःच्या नावाचा. तिच्या घरी किंवा तिच्या चुलतभावाच्या 'रिकाम्या फ्लॅट'मध्ये पहिल्या फेरीला राहायचं नाही. मनिलात मकाटी किंवा बीजीसी (बोनिफासिओ ग्लोबल सिटी) हे भाग नवख्याला बरे. ती सेबूची असेल तर मनिलाला उतरायचंही कारण नाही, सिंगापूर किंवा हाँगकाँगमार्गे थेट मक्तान-सेबू विमानतळावर जाता येतं. मनिलाच्या विमानतळाची टर्मिनलं एकमेकांपासून लांब आहेत. तिथून देशांतर्गत विमान पकडायचं असेल तर मध्ये चार तास तरी ठेवा. बाहेर पडल्यावर ग्रॅब ही अ‍ॅपवरची टॅक्सी बोलवा, बाहेर हाका मारणाऱ्या टॅक्सीवाल्यांकडे बघू नका.

पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत, त्याचा फोटो फोनमध्ये आणि घरच्यांकडे. दोन कार्डं वेगवेगळ्या जागी. एटीएममधून परदेशी कार्डावर दर वेळी साधारण २५० पेसो शुल्क कापलं जातं, म्हणून थोडे थोडे काढत बसू नका. आपला प्लग तिथे बसत नाही, दोन चपट्या पिनांचा अ‍ॅडाप्टर न्या. फोन बंद पडलेला पाहुणा अर्धा असहाय असतो.

घरातल्या किंवा मित्रांमधल्या एकाला तरी सगळं खरं सांगून जा. ती कोण, कुठली, हॉटेल कुठलं, परत कधी. 'ऑफिसच्या कामाला बँकॉकला चाललोय' असं सांगून गेलेल्या माणसाला अडचणीत फोन करायलाही कुणी उरत नाही.

६. पहिली भेट आणि पुढचे दिवस

भेट दुपारी, मॉलमध्ये. तिथले मॉल आपल्यापेक्षा मोठे असतात, दारावर झडती असते, आणि अख्खी कुटुंबं दिवसभर तिथेच असतात. पहिले दोन दिवस तरी रात्री आपापल्या जागी. पेय स्वतः उघडायचं, उघडं ठेवून उठायचं नाही. मनिलात 'अतिवान गँग' हे नाव वर्षानुवर्षं चालत आलंय. मोकळीढाकळी, घरगुती वाटणारी माणसं पर्यटकाशी ओळख काढतात, आपुलकीने जेवायला बोलावतात, आणि पेयातून गुंगीचं औषध देऊन कार्डं रिकामी करतात. त्यात काकूही असतात आणि लेकुरवाळ्या बायकाही. म्हणून तिने ओळख करून दिलेल्या चौथ्या-पाचव्या माणसाबाबत सावध राहा, तिच्यावर विश्वास बसला असला तरी.

तिला वेटरशी, रिक्षावाल्याशी, स्वतःच्या आईशी बोलताना बघा. फोनवर दिसत नाही ते इथे दिसतं. बेत बदलला, तुम्ही नाही म्हणालात, पैसे द्यायचं टाळलंत, तर तिचं काय होतं? तिथे रुसून गप्प बसण्याची रीत आहे. दोन तास अबोला धरला म्हणून ती वाईट ठरत नाही. पण प्रत्येक नकारानंतर आई आजारी पडत असेल तर नोंद घ्या.

घरी बोलावलं तर दिवसा जा, संध्याकाळी परत या. घरातल्या मोठ्यांचा हात हाती घेऊन कपाळाला लावायची पद्धत आहे. आपल्या वाकून नमस्काराची सवय असलेल्याला ती लगेच जमते आणि घर खूश होतं. भेट म्हणून खाऊ न्या, पाकीट नको. जेवणात डुक्कर असणारच. खात नसाल तर आदल्या दिवशीच सांगा, म्हणजे कुणाला ओशाळं व्हावं लागत नाही. आणि शेजारपाजारचे तुम्हाला 'बुंबाय' म्हणतील. मुंबईकराला आधी गंमत वाटेल, पण तिथे हा शब्द स्कूटरवर फिरून व्याजाने पैसे देणाऱ्या भारतीयांशी जोडलेला आहे. पाच घ्या, सहा फेडा असा तो धंदा. तेव्हा तुमच्याकडे रोख असणार, ही समजूत तुम्ही दारात येण्याआधीच तिथे पोचलेली असते.

मुलगी दक्षिणेकडच्या मिंदानाओ बेटाच्या पश्चिम भागातली, झांबोआंगाच्या बाजूची किंवा सुलू बेटांवरची असेल तर तिच्या गावी जाऊ नका. बरेच देश आपल्या नागरिकांना या भागाबद्दल स्पष्ट बजावतात. ऑनलाइन ओळखीतून तिथल्या बाईशी लग्न करून राहायला गेलेल्या एका ऑस्ट्रेलियन माणसाला डिसेंबर २०११ मध्ये घरातून पळवलं होतं, तो सुटला मार्च २०१३ मध्ये. तिला सेबूला किंवा मनिलाला बोलवा, हवं तर बहिणीसकट. हे तिकीट मात्र तुम्ही काढा, आणि पैसे न पाठवता थेट तिकीटच पाठवा.

परत येताना कुणाचंही पार्सल घ्यायचं नाही. 'मुंबईत माझी मैत्रीण घेईल' म्हणून दिलेली बंद पिशवी, डबा, जुनी बॅग, काहीच नाही. अमली पदार्थांसाठी तिथे जन्मठेप आहे, आणि इकडे उतरल्यावर आपला एनडीपीएस कायदा आहे.

मुलींसाठी

वरचं सगळं लागू आहेच. शिवाय पहिल्या फेरीला मैत्रीण सोबत न्या, हॉटेल त्याला न सांगता निवडा आणि खोली नंबर सांगू नका. तो स्वतःला तिथे राहणारा अमेरिकन किंवा युरोपियन म्हणवत असेल तर अधिक सावध राहा, कारण तो फिलिपिन्सचा नसेल तर त्याच्या देशात झालेल्या लग्नाची नोंद पीएसएकडे मिळणार नाही. तिथल्या २००४ च्या कायद्याखाली प्रेमसंबंधातल्या मारहाणीची, धमकीची, पैशाच्या अडवणुकीची तक्रार स्त्रीला बारांगायच्या कार्यालयातही करता येते. कार्यालय चालत जाण्याच्या अंतरावर असतं, ते आल्या आल्या बघून ठेवा.

काही बिनसलं तर

तातडीला ९११. पासपोर्ट गेला, अटक झाली, कुणी डांबलं तर मकाटीतला भारतीय दूतावास. त्याचा आपत्कालीन नंबर निघतानाच सेव्ह करा. दूतावास तुमचा वकील होत नाही आणि हॉटेलचं बिलही भरत नाही, पण पासपोर्टऐवजी प्रवासाचा कागद देतो आणि घरच्यांना कळवतो. घरच्यांना इथून परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर तक्रार टाकता येते. साध्या वेशातला कुणी 'पोलीस आहे, मिटवून टाकू' म्हणाला तर रस्त्यावर पैसे देऊ नका. ठाण्यात चला म्हणा, आणि जाण्याआधी दूतावासाला फोन लावा.

गाडी पुढे सरकली तर

पहिल्याच फेरीत 'आता आलाच आहेस तर उरकून टाकू' असं घरचे म्हणतील. तिथे विवाह परवान्याच्या अर्जाची नोटीस दहा दिवस लावावी लागते. परदेशी माणसाला आपल्या दूतावासाकडून विवाहास पात्र असल्याचा दाखला आणावा लागतो, आणि ती २५ च्या आत असेल तर आईवडिलांच्या संमतीचा किंवा सल्ल्याचा कागदही लागतो. चौदा दिवसांत हे बसवून देतो म्हणणाऱ्याने कुठलातरी कागद खोटा केलेला असतो, आणि तो पुढे व्हिसाच्या वेळी बाहेर येतो.

लग्न भारतात करायचं तर विशेष विवाह कायदा, १९५४. दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात ३० दिवस वास्तव्य आणि नोटिशीनंतर आणखी ३० दिवस. तिला ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्डासाठी अर्ज करता येतो तो नोंदलेला विवाह दोन वर्षं टिकल्यावर. परदेशी माणसाची वाग्दत्त वधू किंवा पत्नी म्हणून देशाबाहेर राहायला जाणाऱ्या स्त्रीला तिथल्या सरकारी आयोगाचं समुपदेशन घ्यावं लागतं. तिथे तिला तुमच्याबद्दल बारीकसारीक विचारतात. तुम्ही काय काम करता, घरी कोण कोण आहे, किती वेळा भेटलात, आधीचं लग्न होतं का. तो दाखला नसेल तर विमानतळावरूनच तिला परत पाठवू शकतात. तेव्हा ती तुमची पगाराची पावती आणि घराचा पत्ता मागू लागली, तर ते या मुलाखतीसाठीही असू शकतं. कशाला हवंय ते विचारा, आणि कारण पटलं तर द्या.